आठ ग्रॅमची तूट

वजनमापे खात्यात एकतीस वर्षं काढली की माणसाचं काय होतं ते पाहायचं असेल, तर तराजूबाईंच्या घरी एकदा चहाला जावं. तुम्ही नेलेल्या बिस्किटांच्या पुड्याबद्दल त्या तोंडभर आभार मानतात, पुडा आत नेतात आणि चहा उकळेपर्यंत ओट्यावरच्या काट्यावर ठेवून पाहतात. कागद वजा जाता चार ग्रॅम कमी भरले तरी चहा तुम्हाला मिळतोच, पण दुसऱ्या दिवशी बिस्किटाच्या कारखान्याला पत्र जातं.

तराजूबाई हे नाव त्यांना बाजाराने दिलं. त्या गल्लीच्या तोंडाशी दिसल्या की दुकानदार पारड्याखाली चिकटवलेली चकती काढून खिशात घालायचा, आणि बाई येऊन थेट त्या खिशाकडे बोट दाखवायच्या. मापातलं पाप त्यांना वासाने कळतं, असं लोक म्हणत. घरी नवरा त्यांना 'साहेब' म्हणायचा. तो वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम करी, आणि पुस्तक दोन महिने उशिरा आणणाऱ्यालाही कधी कारण विचारत नसे. एका घराला एक शंकेखोर पुरतो, असं त्याचं म्हणणं होतं.

अशा बाईला बाहुल्यांचा नाद आहे हे कुणाला सांगून पटत नसे. पण बाहेरच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात त्रेसष्ट बाहुल्या उभ्या होत्या, एकजात खोक्यात, एकीचंही खोकं न उघडलेलं. कारखान्यातून निघाली तशी बाहुली, हा त्यांचा धर्म. धाकट्या बहिणीने एकदा हौसेने परगावाहून एक बाहुली आणून दिली. खोक्याची चिकटपट्टी एका कोपऱ्यात उचकटून पुन्हा दाबलेली होती. "उघडलीस?" "छे गं." तराजूबाईंनी भिंग लावलं. मग बहिणीने कबूल केलं की वाटेत जरा डोकावून पाहिलं, केसांना हात लावला, एवढंच. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद, त्याला आठ वर्षं झाली. चिकटपट्टीचं नव्हे, 'छे गं' म्हणाली त्याचं, असं तराजूबाई सांगत.

त्यांना मैत्रीण अशी एकच. तिला त्या रंगारीण म्हणत. ती कपबश्यांच्या कारखान्यात कपांवर फुलं काढण्याच्या कामाला होती, आणि घरी आली की बाहुल्यांना हात घाली. तिचा धर्म अगदी उलटा. बाजारातून बाहुली आणायची, नेलपॉलिश काढायच्या द्रवाने तिचा छापील चेहरा पुसायचा आणि आपल्या मनातला चेहरा काढायचा. केस उपटून सुईने एकेक बट नव्याने रोवायची. दुष्ट हसणारी बाहुली आणून तिला विचारात पडलेली करायची. तराजूबाईंच्या मते हा सगळा भेसळीचा धंदा होता, आणि रंगारिणीच्या मते तराजूबाईंचं कपाट म्हणजे त्रेसष्ट कैद्यांचा तुरुंग.

दोघींची गाठ पडली ती बावीस वर्षांपूर्वी जुन्या वस्तूंच्या बाजारात. एक हातभर उंचीची बाहुली होती. धड टणक, डोकं आणि हात मऊ, आडवी केली की पापण्या मिटणारी. बनवणारा कारखाना केव्हाच बंद पडलेला. खोकं नव्हतं, पण बाहुलीला कुणाचा हात लागलेला नव्हता, म्हणून तराजूबाईंनी तिचा डावा पाय धरला. उजवा पाय रंगारिणीने आधीच धरला होता.

"सोडा."

"तुम्ही सोडा, मी आधी पाहिली."

"मधून कापून देऊ का?" विकणारा म्हणाला.

शेवटी दोघींनी मिळून घेतली. सहा महिने हिच्याकडे, सहा महिने तिच्याकडे, म्हणून नाव पडलं पाहुणी. पाळी संपली की जिची तिने स्वतः पोचवायला जायचं, पाहुणीच्या घोट्याला बांधलेल्या चिठ्ठीवर तारीख घालून सही करायची. आणि तराजूबाईंची अट, की हिला ब्रश नाही, सुई नाही, कात्री नाही. "जशी आहे तशी राहील. नाहीतर तू तुझ्या वाटेने, मी माझ्या." रंगारिणीने हसत हसत शपथ घेतली.

आणखी एक गोष्ट होती, ती तराजूबाईंनी नवऱ्यालाही सांगितली नव्हती. पाहुणी घरी आली की दार लावून त्या तिचं वजन करत. पहिल्या दिवशी भरलं सहाशे बारा ग्रॅम. बावीस वर्षं दर वेळी सहाशे बाराच भरत आलं. रंगारिणीवर त्यांचा विश्वास होता तो हा असा, दर वर्षी तपासून पक्का केलेला.

या खेपेला पाहुणी आली ती रंगारिणीच्या भाचीच्या हातात.

"मावशी नाही आली?"

"तिला जरा काम आहे, काकू." भाची दारातूनच परतली. तिने डोळ्याला डोळा दिला नाही, हे तराजूबाईंनी टिपलं. घोट्यावरची चिठ्ठी पाहिली तर सहीही रंगारिणीची नव्हती. तिच्या सहीत शेवटी एक फुलाचा देठ असायचा, तो इथे नव्हता. मनात शंकेची पाल चुकचुकली. त्यांनी दार लावून घेतलं आणि काटा काढला.

सहाशे चार.

त्यांनी काटा ओला फडका घेऊन पुसला, पुन्हा शून्यावर आणला, प्रमाणित वजन ठेवून तपासला. काटा बरोबर होता. पाहुणीच आठ ग्रॅमने कमी होती.

"सहा महिने लोकांच्या घरी राहून आपणही वाळतो," नवरा म्हणाला. त्याला अखेर सांगावं लागलं होतं.

"प्लास्टिक वाळत नाही."

"मग तू काय समजतेस?"

"डोकं बदललंय. तसलंच दुसरं डोकं लावलं आणि खरं विकलं. तिच्या हाताला ते काय अवघड आहे? दिवसाला चार डोकी बदलते ती!"

"साहेब, साप साप म्हणून भुई धोपटू नका. विचारा की तिला सरळ."

पण सरळ विचारणं तराजूबाईंना कधी जमलंच नव्हतं. धाड घालायच्या आधी त्या तीन वेळा साधं गिऱ्हाईक होऊन दुकानात जात. तशाच त्या पुढच्या आठवड्यात रंगारिणीकडे गेल्या, सहज आल्यासारख्या.

जे पाहिलं ते घरी आल्यावर वहीत लिहून काढलं. रंगारीण खुर्चीतून उठली नाही, एरवी दारापर्यंत धावत येते. उजवा हात सारा वेळ अ‍ॅप्रनच्या खिशात, म्हणजे काहीतरी लपवते आहे. चहा भाचीने केला. रंगारिणीचा कप तासभर तसाच, तिने घोटसुद्धा घेतला नाही, म्हणजे घशाखाली उतरत नाही. कामाच्या खोलीचा पडदा ओढलेला. एरवी तो पडदा कधी ओढत नाहीत, कारण आतली अर्धवट डोकी पाहून आलेलं माणूस दचकलं की रंगारिणीला मजा वाटते. आणि पाच वाजता एक माणूस काळी बॅग घेऊन आला. त्याला पाहताच रंगारिणीचा चेहरा पडला.

"अगं, तू नीघ आता," ती म्हणाली. "नंतर ये."

बावीस वर्षांत तिने कधी नीघ म्हटलं नव्हतं. तराजूबाई जिना उतरल्या आणि समोरच्या औषधाच्या दुकानाआड पाऊण तास उभ्या राहिल्या. माणूस बाहेर आला, बॅग तेवढीच जड दिसत होती. जाताना त्याने वर पाहून हात केला. ओळख जुनी असणार, असं त्यांनी नोंदवलं.

मनातून त्यांना बरं वाटत नव्हतं. हेही सांगायला हवं. आपलं चुकत असावं असं त्या दिवसातून दोनदा स्वतःशी म्हणत. पण वहीत एकेक नोंद वाढत होती, आणि नोंदी खोटं बोलत नाहीत अशी त्यांची एकतीस वर्षांची समजूत होती.

मग बाहुलीवाल्यांची महिन्याची बैठक आली. एका शाळेच्या रिकाम्या वर्गात ही मंडळी जमत. खिडकीकडच्या बाकांवर खोकी जपणारे, भिंतीकडच्या बाकांवर रंगवणारे, आणि दोन्ही बाजूंचे एकमेकांकडे कीव केल्यासारखे पाहत. रंगारीण आली नव्हती. तिची जागा रिकामी पाहून तराजूबाई पहिल्यांदाच भिंतीकडे गेल्या. तिथे एक न्हावी बाहुलीचे केस गरम पाण्यात बुडवून कुरळे करत बसला होता.

"तुमच्या मैत्रिणीने काय केलं कळलं का?" तो म्हणाला. "मला तिचे तीन ब्रश दिले. भुवयांचे! एका केसाचे म्हणतात ना, ते. फुकट. दुसऱ्या कुणाला सुया दिल्या, काचेचे डोळे दिले. म्हणाली, आता नकोत."

"नकोत?"

"मी म्हटलं, बाई, काय झालं? तर हसली नुसती."

तराजूबाईंच्या डोक्यात सगळं एका सूत्रात बसलं. दुकान गुंडाळणारा व्यापारी आधी सामान वाटतो, मग एका सकाळी दाराला कुलूप दिसतं. खरी पाहुणी विकली, गाशा गुंडाळला, आता तोंड चुकवते आहे. कुंपणानेच शेत खाल्लं. त्या तडक घरी आल्या.

एक शेवटची चाचणी राहिली होती, आणि ती त्यांना रंगारिणीनेच शिकवली होती. कारखान्यात चढवलेला रंग पक्का असतो, नुसत्या स्पिरिटने जात नाही. हाताने काढलेला रंग जातो. त्यांनी पाहुणीला ओट्यावर आडवी केली. पापण्या मिटल्या. गाल हाताला किंचित चिकट लागला. स्वस्तातलं प्लास्टिक, त्यांनी मनात म्हटलं. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून डाव्या भुवईच्या टोकाला लावला.

बोळ्यावर तपकिरी डाग आला.

तिथेच थांबायला हवं होतं. पुराव्याला एवढं पुरे होतं, आणि हे त्यांना दुसऱ्या कुणापेक्षाही चांगलं माहीत होतं. पण इतक्या दिवसांचा साचलेला राग हातात उतरला. त्यांनी भुवई पुसली, मग दुसरी. पापण्यांखालच्या बारीक रेघा पुसल्या. ओठ पुसले, गालांवरची लाली पुसली. मिनिटभरात पाहुणीला चेहराच उरला नाही, नुसता पिवळट गोल आणि त्यात दोन मिटलेले डोळे. बोळे त्यांनी पिशवीत घालून वर तारीख लिहिली. नवरा वाचनालयात गेला होता, नाहीतर त्याने हात धरला असता.

दुपारी तीन वाजता रंगारिणीचं दार भाचीने उघडलं. "काकू, आधी कळवायचं तरी."

"कळवून धाड घालत नाहीत," तराजूबाई म्हणाल्या, तिला बाजूला सारून आत गेल्या आणि कामाच्या खोलीचा पडदा उघडला.

टेबल रिकामं होतं. खिडकीपाशी रंगारीण बसली होती आणि तिच्यासमोर स्टुलावर तो काळ्या बॅगेचा माणूस. तिच्या उजव्या मुठीत एक रबरी चेंडू होता. "सहा," माणूस म्हणाला, "अजून दोनदा. दाबा." चेंडू दाबला जात नव्हता. हात मनगटापासून थरथरत होता, आणि तो थांबवायला तिने दुसऱ्या हाताने दंड धरून ठेवला होता.

दिसलं ते तराजूबाईंना दिसलं, पण तोंडात आलेलं वाक्य थांबलं नाही. "ही आपली पाहुणी नाही," असं म्हणून त्यांनी बाहुली आणि बोळ्यांची पिशवी टेबलावर ठेवली. "आठ ग्रॅम कमी आहे. रंग स्पिरिटने गेला. चिठ्ठीवरची सही तुझी नाही. खरी कुठे आहे?"

माणसाने बॅग उचलली. "उद्या येतो," म्हणाला आणि निघून गेला.

रंगारीण बाहुलीकडे पाहत राहिली. "सगळं पुसलंस?" तिने विचारलं. मग भाचीला म्हणाली, "ती डबी आण गं."

डबीत अंगठ्याएवढी कापडी थैली होती, तोंड शिवलेलं नव्हतं. आत मासे धरायच्या गळाला लावतात तसल्या शिशाच्या बारीक गोळ्या.

"कर वजन. काटा तिथे आहे. आठ भरेल."

तराजूबाईंनी काट्याकडे हात नेला नाही.

"पाहुणी पाझरते," रंगारीण म्हणाली. "हे मऊ प्लास्टिक असतं ना, त्यात तेल असतं. जुनं झालं की ते घामासारखं बाहेर येतं. चिकट लागली नाही तुला? सात वर्षं झाली. दर खेपेला थोडी हलकी होते, आणि त्या तेलावर तिचा चेहरा पोहायला लागतो. पहिल्यांदा एक भुवई गालावर आली. मी रडले होते तेव्हा. मग धुतली, पावडर लावली, आणि होता तसा चेहरा काढून दिला. अगदी कारखान्याचा, हुबेहूब. माझ्या मनासारखा एक केससुद्धा काढला नाही त्यात. आणि जेवढी हलकी झाली तेवढ्या गोळ्या डोक्यात भरल्या."

"मी वजन करते हे तुला…"

"अगं, तू माझ्या बिस्किटांचं वजन करतेस. बाहुलीला सोडशील होय?"

भाचीला हसू आलं आणि तिने ते गिळलं.

"सांगायचं होतंस मला," तराजूबाई म्हणाल्या.

"कुणाला सांगू? सख्ख्या बहिणीला आठ वर्षं दाराबाहेर ठेवलंस तू, एका चिकटपट्टीवरून. मला किती ठेवलं असतंस? हात गेल्या वर्षापासून असा आहे. हा वाढणार म्हणतात, कमी व्हायचा नाही. या खेपेला तिचा चेहरा काढला तो शेवटचा, हे मला ठाऊक होतं. डाव्या हाताने उजवं मनगट धरून काढला. एका भुवईला नऊ दिवस लागले. थैली भर घालायला बाहेर काढली आणि गोळ्या घरभर सांडल्या. मग हिने थैली न घालताच डोकं बसवून दिलं, सहीही हिनेच केली. मी म्हटलं, जाऊ दे, आठच तर ग्रॅम आहेत."

तराजूबाईंनी टेबलावरची पिशवी उचलून पाठीमागे धरली. पिशवीवरची तारीख त्यांना कुणाला दिसायला नको होती.

"हाताचं तरी बोलायचंस. मी आले होते ना, त्या दिवशी…"

"आली होतीस. समोर बसून तासभर बघत होतीस. माझा हात, माझा चहा, सगळं." रंगारिणीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज साधाच होता. "मला वाटलं, हिला कळलंच. हिच्या नजरेतून काही सुटत नाही. आता उठून जवळ येईल म्हणून मी वाट बघत होते. मग तो मालिशवाला आला, आणि त्याच्यासमोर रडू येईल म्हणून तुला घालवलं."

तराजूबाई एक पाऊल पुढे आल्या.

"जा आता," रंगारीण म्हणाली. "आणि तिला घेऊन जा. अजून चार महिने ती तुझ्याकडची आहे."

घरी आल्यावर त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं, वही दाखवली. त्याने एकेक नोंद शेवटपर्यंत वाचली. "नोंदी सगळ्या बरोबर आहेत, साहेब," तो एवढंच म्हणाला, आणि त्याने वही मिटून त्यांच्या हातात दिली. त्या रात्री तराजूबाई रडल्या. बहिणीशी भांडल्या तेव्हाही रडल्या नव्हत्या.

सकाळी त्यांनी कचेरीत रजा कळवली आणि पाहुणीला कापडी पिशवीत घालून पुन्हा रंगारिणीच्या दाराशी गेल्या. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. भाचीने दार अर्धंच उघडलं.

"मावशी झोपली आहे, काकू."

त्याच वेळी आतून खोकला ऐकू आला. शंभर खोकल्यांत ओळखू येईल असा, रंगांच्या फवाऱ्याने घसा धरलेल्या माणसाचा. मागोमाग खुर्ची सरकली. भाचीचे कान लाल झाले. समोर उभं राहून खोटं बोलणाऱ्याला तराजूबाईंनी एकतीस वर्षांत एकदाही सोडलं नव्हतं, आणि भाचीला हे माहीत होतं. ती दाराची कडी घट्ट धरून उभी राहिली.

"बरं," तराजूबाई म्हणाल्या. "झोपू दे तिला. मी इथे बसते."

दार लागलं. त्या जिन्याच्या पायरीवर टेकल्या आणि पाहुणीला पिशवीतून काढून मांडीवर घेतलं. वरच्या मजल्यावरचा पोस्टमन कामाला निघाला होता. बिनचेहऱ्याची बाहुली मांडीवर घेऊन बसलेली ही पोक्त बाई पाहून तो दोन पायऱ्या चुकला.

"कुणाकडे आलात? घरी कुणी नाही का?"

"आहेत," त्या म्हणाल्या. "झोपल्या आहेत."

आत पुन्हा खोकला झाला, या वेळी दाराच्या अगदी जवळ. तराजूबाईंनी तो ऐकला, आणि पाहुणीचा फ्रॉक गुडघ्यांवर नीट करून तिथेच बसून राहिल्या.